माळ्यावरची छऱ्याची बंदूक

गोठ्यातला_नेमबाज

मंडळी, यंदा गावच्या जत्रेत माझी अब्रू गेली.

फुगेवाल्याच्या फळीसमोर लेकीनं हट्ट धरला, "बाबा, तुम्ही कॉलेजात नेमबाजी करत होता ना? तो हिरवा फोडा." वीस रुपयांत पाच छर्रे. पाचही गेले पडद्यात. जिल्ह्याच्या स्पर्धा तीन वर्षं आणि राज्याची एकदा खेळलेला माणूस मी. मागं उभा असलेला मेव्हणा काही बोलला नाही, नुसता खोकला.

फुगेवाला म्हणाला, "सायेब, माशी वाकलीया तिची, नळीच्या टोकावरची. हिरवा पायजे तर लाल्यावर धरा." आणि सहावा छर्रा फुकट दिला. लाल्यावर धरला, हिरवा फुटला. लेक खूश. पण मला रात्री झोप लागेना, कारण तो एक फुगा फुटताना जे वाटलं ते मला एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो. काकांची आयएचपी नॅशनल ३५ गोणपाटात गुंडाळून पडली होती. नव्या लोकांसाठी: सिमेंटचे ह्यूम पाईप करणाऱ्या कंपनीनं एके काळी एअरगनही काढल्या, जर्मन डायना ३५ च्या धर्तीवर. नळी मधून मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा बसवायचा, नळी मिटायची. दस्त्याला भेगा, नळीवर गंजाचे ठिपके, पण नळी मोडली तर 'कर्र' करून स्प्रिंग अडकली. जिवंत होती.

मी गाढवपणा केला तो असा की, इतकी वर्षं कोरडी पडलीय म्हणून शिवणयंत्राचं तेल हवेच्या भोकातून चांगलं चमचाभर सोडलं. छर्रा घातला, चाप ओढला. धाड्‌! सुतळी बॉम्बसारखा आवाज, नळीतून निळा धूर, जळक्या तेलाचा वास. शेजारच्या आबांचा कुत्रा बाजेखाली गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. हे असं का झालं ते जाणकारांनी सांगावं.

आता सोडलं का होतं ते. आकड्यामुळे सोडलं. आमच्या वेळी ६० शॉट, ६०० पैकी गुण. मी ५६० च्या घरात जो अडकलो तो अडकलोच. एकदा ५७१ गेले, त्यानंतर तेही नाहीत. कोच वहीत लिहायचे, घरी वडील वही बघायचे. शेवटच्या वर्षी तर चाप ओढायच्या आधीच पोटात गोळा यायचा. २००५ ला सगळं बंद केलं. तीन वर्षांनी, ११ ऑगस्ट २००८ ला, ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर अभिनव बिंद्राचा ऑलिंपिक सुवर्णाचा शेवटचा शॉट, १०.८, बघितला. टाळ्या वाजवून झाल्यावर एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, "तूपण हेच करायचास ना?" चहा तसाच टाकून उठलो होतो.

सध्या सुट्टी टाकून गावी आहे. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामा. गव्हाणीपासून मागच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात, टेपनं मोजले. आंब्याची जुनी पेटी, तिच्यात घट्ट कोंबलेल्या जुन्या वाकळा, मागं लोखंडी पत्रा. कागद पेटीवर चार टाचण्यांनी. रोज संध्याकाळी पंचवीस छर्रे, जास्त नाहीत. गुण मोजत नाही. पाच मारायचे आणि पाच भोकं कुठल्या नाण्याखाली झाकतात ते बघायचं. सध्या एकाही नाण्याखाली झाकत नाहीत, वाटी लागते.

पण काय सांगू, मजा येतेय. इथे कुणी आहे का असं परत वळलेलं?

---

छर्रा_१७७

आहे की! स्वागत.

धुराचं कारण सोपं आहे. पिस्टन जोरात पुढं येतो तेव्हा समोरची हवा एकदम दाबली जाऊन प्रचंड तापते. तिथं तेल असलं की ते पेटतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, म्हणून आमच्याकडे याला डिझेलिंग म्हणतात. एखाददुसऱ्यानं काही होत नाही, पण सतत झालं तर स्प्रिंग तुटते, पिस्टनच्या तोंडाचा वॉशर फाटतो. त्यात नेम तर लागतच नाही, दर छऱ्याचा वेग वेगळा. जास्तीचं तेल जळून जाईपर्यंत मारत राहा, कुत्र्याला लांब बांधा.

तुमच्या बंदुकीत चामड्याचा वॉशर असणार. तो वाळून लाकूड झाला असेल, बदलावा लागेल. आणि एक, छर्रा न घालता कधीही चाप ओढू नका. पुढं छऱ्याचा अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धातूवर धातू आपटतो. जत्रेतल्या बंदुका त्यानंच खिळखिळ्या होतात. माशी वाकली हे निमित्त.

---

सातारची_सून

"मेव्हणा काही बोलला नाही, नुसता खोकला." मेले हसून. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

देवगडचो_झील

नमस्कार. मी बागायतदार. मला जास्त पॉवरची एअरगन सुचवा, बजेट पंधरा हजार. वानरांनी शहाळी ठेवली नाहीत, गेल्या वर्षी कलमांचा मोहोर ओरबाडला. नुसतं घाबरवायचं आहे.

---

छर्रा_१७७

@देवगडचो_झील, भाऊ, त्रास खरा आहे, पण सुचवणार नाही. छऱ्यानं वानर घाबरत नाही, जखमी होतं. आठवडाभर जखम चिघळून मरतं. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पूर्वी निदान कावळा, उंदीर, वटवाघळं यांची 'उपद्रवी' म्हणून वेगळी यादी होती, २०२२ च्या दुरुस्तीत तीही गेली. कागदावर, डब्यांवर मारा, पाखरा-प्राण्यांवर नाही. या धाग्यावर तरी नाही.

---

देवगडचो_झील

पुण्या-मुंबईत बसून सांगायला काय जातं. एकदा या मोहोराच्या दिवसांत, पहाटे पाचला वाडीत उभे राहा. नुकसानभरपाईचे कागद करता करता हंगाम संपतो.

---

गोठ्यातला_नेमबाज

झीलभाऊ, तुमचं दुःख मला कळतं, आमच्याकडे गव्यांचं तेच आहे. वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण याचं उत्तर एअरगन नाही. लहानपणी मी याच बंदुकीनं एक होला पाडला होता. काकांनी मला तो हातात धरून बसायला लावलं होतं, मान लुळी पडेपर्यंत. पुढं लिहीत नाही.

---

परवाना_प्रश्न

परवाना लागतो का हो याला? मला घ्यायचीय, पण बायको म्हणते पोलीस येतील.

---

छर्रा_१७७

.१७७ म्हणजे साडेचार मिमीची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. ताकद त्यावर गेली किंवा नळी मोठी झाली की लागतो. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. बिल जपून ठेवा, बंदूक नेताना पिशवीत बंद करून न्या. गाडीच्या मागच्या काचेतून दाखवत हिंडाल तर मग वहिनींचंच खरं होईल.

अंदाजासाठी: ऑलिंपिकच्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. हिशेब केलात तर साडेसात ज्यूलसुद्धा धड होत नाहीत. तेवढ्या ताकदीवर सुवर्णपदकं मिळतात. नवीन पोरं दुकानात जाऊन पहिलं विचारतात, "किती एफपीएस?" (म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो). त्यांना हे सांगावंसं वाटतं.

---

पेठेतला_पॅसेज

मी सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात मारतो. बेडरूमच्या कोपऱ्यापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत साडेसात मीटर. लक्ष्याचा कागद झेरॉक्सवाल्याकडून पंचाहत्तर टक्के लहान करून आणला होता... म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांवर आणून, तुम्ही समजून घ्या. त्यानंही तीच चूक केली आणि मला पहिल्यांदा टिकलीएवढं निशाण हातात दिलं.

नियम असा की पॅसेजमध्ये लाल टॉवेल टांगला की कुणी दारातून डोकावायचं नाही. एकदा टॉवेल धुवायला गेला होता. सुदैवानं कुणी आलं नाही, पण त्या दिवशी छर्रा पेटीच्या कडेला लागून उडाला आणि फ्रिजवर पोचा पडला. तो पोचा आजही आहे आणि पाहुणे आले की दाखवला जातो. तेव्हापासून डोळ्यांवर गॉगल, पेटी दुप्पट मोठी आणि टॉवेल दोन.

---

रेंजवरची_आई

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझी मुलगी चार वर्षं दहा मीटर एअर रायफल खेळतेय. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे घरात विषय नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हापासून इथल्या आयांना वाटतं की दुधाळीच्या रेंजवर मुलीला घातली की झालं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि नावं घालायला ही गर्दी. (त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून; त्यात पॉइंट टूटूची (.२२ नळीची) खरी काडतुसं असतात, एअर रायफल नव्हे. हे निम्म्या पालकांना माहीत नसतं.)

तुम्ही लिहिलेला पोटातला गोळा मी रोज बघते. आता तर दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, साठ शॉटचे ६५४. आमच्या वेळी सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारले तेव्हा वाटलं होतं की याच्या पुढं काही नाही. दशांशानं त्यापुढचाही डोंगर तयार केला. दहा लागला तरी मुलगी तोंड पाडून येते, कारण तो १०.१ असतो.

दहाचा ठिपका केवढा असतो माहितेय ना? अर्धा मिलिमीटर. पेन्सिल टेकवून उचलली की उमटतो तेवढा. छर्रा साडेचार मिमीचा, त्यामुळे ठिपक्याला कड लागली तरी चालते, पण दहा मीटरवरून तो दिसतच नाही. दिसतो तो काळा गोल, साडेतीस मिमीचा.

खरं सांगायचं ते हे की गेल्या दिवाळीत मीच सुरू केलं. वय ४४. मुलीचं सत्र संपायची वाट बघत बाकावर बसून स्वेटर विणायची. एक दिवस कोच म्हणाले, "ताई, चार मारून बघा." जॅकेट नाही, बूट नाही, स्टँडवर टेकवून. चौथा शॉट कुठे लागला ते मला चाप सुटायच्या आधीच कळलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, हे मला दोन वर्षांनी कळलं." ती मला शिकवते आता. घरातली भांडणं कमी झालीत.

---

एनसीसी_अण्णा

नाव वाचून कळलं असेल. वय ७१. आमच्या काळी पॉइंट टूटू, पोटावर झोपून, पाच राउंड. हवालदार मेजर एकच वाक्य म्हणायचे, "माशी साफ, निशाण धुंदला." तिसऱ्या दिवशी कळलं ते काय ते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. मागची खाच, पुढची माशी आणि निशाण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. नवा माणूस निशाण स्पष्ट बघतो आणि माशी पुसट होते. माशी केसभर सरकली तर तिकडे बोटभर फरक पडतो, ते त्याला दिसतच नाही.

श्वास सोडायचा, पूर्ण नाही, थोडा ठेवायचा, आणि त्या शांततेत सहा-सात सेकंदांत शॉट जायला हवा. नाही गेला तर बंदूक खाली. जबरदस्ती करायची नाही. बंदूक खाली ठेवणं हे आमच्या पोरांना सगळ्यात अवघड जायचं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मला माशी परत साफ दिसायला लागली. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, काका, पेपर वाचता येतो का ते सांगा.

---

हॅनोवरकर

अण्णा, तुम्ही इकडे हवे होतात. जर्मनीत गावागावात नेमबाजांचं मंडळ असतं, कित्येक शेकडो वर्षं जुनी. आपल्याकडे तालीम असते तसं. मी वेळ जात नाही म्हणून नाव घातलं. इथं साडेसात ज्यूलपर्यंतच्या एअरगनवर पंचकोनात 'एफ' असा शिक्का असतो, ती अठरा पूर्ण झाल्यावर परवान्याविना घेता येते.

मुद्दा वेगळाच आहे. ज्येष्ठांसाठी इथं टेकू लावून मारायचा अधिकृत प्रकार आहे, आउफलागं म्हणतात. स्टँडवर रायफल टेकवायची आणि तीस शॉट. मी समजलो होतो गंमत असेल. आमच्या मंडळातल्या आजी, वय ७८, कंबरेचं हाड बदललेलं, त्यांनी मला पहिल्याच दिवशी धुतला. मारून झाल्यावर सगळे बिअर घेऊन बसतात आणि हवामानावर बोलतात. गुणांविषयी कुणी विचारत नाही, फळ्यावर लिहिलेले असतात तरी.

---

परवाना_प्रश्न

घेतली! स्प्रिंगवालीच. बायकोला बिल दाखवलं. आता वर टेलिस्कोप बसवू का? दोन हजारांत मिळतोय.

---

पेठेतला_पॅसेज

अभिनंदन. स्कोप नको, निदान तो दोन हजारांचा तर नकोच. स्प्रिंगच्या बंदुकीला धक्का दोनदा बसतो. पिस्टन सुटताना बंदूक मागे, पिस्टन थांबताना पुढे. आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. स्वस्त स्कोपच्या आतल्या तारा त्या उलट्या धक्क्यानं हलतात. माझे दोन गेलेत. त्या पैशात चपट्या तोंडाचे चांगले छर्रे घ्या, कागदाला पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं, बघूनच बरं वाटतं. आणि छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायची सवय लावू नका. मारून झालं की साबणानं हात.

---

गोठ्यातला_नेमबाज

पाच आठवड्यांनी अपडेट. रजा संपली, आता शनिवार-रविवार गावी येतो.

वॉशरची गोष्ट. बाजारात मिळेना. मग कोल्हापूरला चपला करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे जुना वॉशर घेऊन गेलो. त्यांनी तो दोन बोटांत फिरवून बघितला, म्हणाले, "हे तर स्टोच्या पंपाचं बुच हाय, थोरलं." रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असायचा तसाच, फक्त मोठा. म्हशीच्या चामड्याची चकती कापली, पाण्यात भिजवली, लोखंडी नळीच्या तोंडात लाकडी गुल्लीनं दाबून वाटीसारखी बसवली आणि रात्रभर तशीच ठेवायला सांगितली. पैसे घेईनात. मी दोन जोड चपला घेतल्या.

बंदूक खोलताना मात्र जपा. मागची गुडदी सोडली की दाबलेली स्प्रिंग तोंडावर येते. मी सुताराचा शिकंजा लावून हळूहळू ढिली केली, तरी शेवटच्या आट्याला घाम फुटला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी करू नये, जाणकाराकडे द्यावी.

आता धरण्याविषयी. कॉलेजात आमच्याकडे धक्का न बसणाऱ्या मॅच रायफली होत्या, त्यामुळे ही स्प्रिंगवाली मला नवीनच. सवयीनं खांद्यात गच्च आवळत होतो आणि भोकं तळहातभर पसरत होती. पॅसेजकाकांनी लिहिलेला दुहेरी धक्का वाचला आणि आवळणं सोडलं. आता डावा तळवा उघडा, दस्ता त्यावर नुसता ठेवलेला, बोटं मिटायची नाहीत. उजव्या हाताची मूठही सैल. तिला हवी तितकी मागेपुढे होऊ द्यायची, दर वेळी सारखीच होते. चाप सुटल्यावरही माशीवरून नजर काढायची नाही, मनात 'एक' म्हणायचं.

मागच्या रविवारी, संध्याकाळी सव्वासहा, पत्र्याच्या भोकातून ऊन गव्हाणीवर पडलं होतं. पाच मारले. कागद काढून आणला, ओट्यावर ठेवला, खिशातून नाणी काढली. दहाचं नाणं ठेवलं. पाचही खाली गेले. मग एक रुपयाचं ठेवलं, तर एक भोक अर्धं बाहेर. परत दहाचं ठेवलं.

---

छर्रा_१७७

दहाचं नाणं सत्तावीस मिमी. या बंदुकीला, उघड्या माशीनं, म्हशीच्या वॉशरवर! फोटो टाका.

---

रेंजवरची_आई

मनापासून अभिनंदन. आणि गुण? एक तरी कागद मोजला असेलच.

---

गोठ्यातला_नेमबाज

फोटो लेकीच्या मोबाईलमध्ये आहे, मागतो.

ताई, मी नाही मोजला. लेकीनं मोजला, माझ्या जुन्या वहीतला तक्ता बघून. नळी मोडायला तिला ताकद पुरत नाही, म्हणून मी मोडून छर्रा भरून देतो, ती गव्हाणीवर टेकवून मारते, मी मागं उभा. माझे कागद ती गोळा करते. काल जेवताना म्हणाली, "बाबा, तुमचे दहा शॉटचे किती झाले सांगू?" म्हटलं, नको. म्हणाली, "माझे सांगू?" तेही नको म्हटलं, तर रुसली. शेवटी तिचे ऐकले. ४७. फार वाईट नाहीत.

आता तिला कागदाचा कंटाळा आलाय. हिरवे फुगे पाहिजेत म्हणते, जत्रेतल्यासारखे. आमच्या बाजारात वाढदिवसाचे मोठे मिळतात, ते पेटीत मावत नाहीत.

---

सातारची_सून

रंगपंचमीचे पाण्याचे फुगे घ्या हो, हवा भरली तरी लिंबाएवढे होतात. शंभराचं पाकीट मिळतं.

---

एनसीसी_अण्णा

आणि मेव्हण्याला बोलवा.